मास्तरांनी बांधलेला मोर

आमच्याच कारखान्यातून आम्हाला बाहेर काढणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे डिझाईन मास्तर. कारखाना म्हणजे चार माग, पण आम्ही तसं म्हणत नसू. मागावर जॅकार्ड बसवायची असली की मास्तर भोवती जुन्या चादरी टांगायचे आणि बाबांना म्हणायचे, "मालक, तुमी समदे च्या पिऊन या." मग मालक निमूटपणे साखर पेठेतल्या हॉटेलात जाऊन बसायचे. मागून मीही.

जॅकार्ड मागाच्या डोक्यावर असते. तिच्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोकांप्रमाणे दोऱ्या उचलल्या जातात आणि चादरीवर मोर उमटतो. हा मोर मास्तर आधी चौकटीच्या कागदावर काढायचे. आम्हाला मिळायची फक्त माळ, त्यांच्या मुलीनं, पद्मानं ओवलेली. कागद त्यांच्या घराबाहेर कधी पडला नाही.

"पुट्टं तुमचं, कागद माजा," ते म्हणायचे. "कागद दिला तर उद्या मला कोण इचारतंय?"

माझा पुतण्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. गिऱ्हाइकाला चालणारा माल द्यायचा आणि मूळ लिहिलेलं आपल्याजवळ ठेवायचं, हे त्यानं मला मोठ्या कौतुकानं समजावलं. मी म्हटलं, आमच्या मास्तरांना हे त्र्याहत्तर सालीच ठाऊक होतं.

बाबांना तोच मोर मास्तरांना न बोलावता चौथ्या मागावर हवा होता. कामगिरी माझ्यावर आली. माळेवरचं एकेक भोक मोजत मी तीन आठवडे माडीवर पालथा पडून होतो. नवी बायको ताट घेऊन यायची आणि पुठ्ठे ओलांडत हसायची. शेवटी जॅकार्डच्या दोऱ्या आम्हीच बांधल्या, माझी माळ चढली, माग सुरू झाला.

नेमके त्याच दिवशी मास्तर आले. चादरीसमोर मान तिरकी करून उभे राहिले.

"ह्ये काय हाय?"

"मोर," मी म्हणालो.

"याच्यावरनं एष्टी गेली काय रं?"

मग हसू आवरून म्हणाले, "भोकं न्हेलीस, दोऱ्या कुटं न्हेल्यास?" ते मागाच्या दोऱ्या सरळ क्रमानं बांधतच नव्हते. बारा ओळी, प्रत्येकीचा क्रम वेगळा, आणि सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांची भोकं त्यांच्याच दोऱ्यांशी बोलायची. बाबांनी त्या दिवशी हॉटेलात न जाता चहा कारखान्यात मागवला आणि मास्तरांना आधी दिला.

पुढे साखरेच्या आजारानं मास्तरांची नजर गेली. कागद आणि भोकं पद्मा करू लागली होती. पण पोरीनं परक्या कारखान्यांत जाऊन माग बांधावेत, हे त्यांना पटेना. आणि त्यांच्या पद्धतीनं माग बांधला नाही तर पद्माच्या माळा घेणार कोण? त्यांनी मला बोलावलं.

"मलाच का, मास्तर?"

"तुला चोरून बी चोरता आलं न्हाय. तुजी काय भीती?"

ते स्टुलावर बसून ओळी सांगत गेले, मी गाठी मारत गेलो. असे सहा माग आम्ही बांधले. शेवटच्याला त्यांनी माझं मनगट धरलं. "ह्यो क्रम बापाला सांगू नगंस."

मास्तर गेल्यावर वर्षभरातच आमच्या दुसऱ्या मागाच्या दोऱ्या तुटल्या.

"क्रम तुला येतो ना?" बाबांनी विचारलं. "मग त्या पोरीकडे जायचं कारणच काय? माळाही आपणच पाडू."

"विसरलो," मी म्हणालो. बाबांनी लगेच विश्वास ठेवला. थोडं वाईटच वाटलं.

दुपारी मी पद्माकडे गेलो. मागाच्या दोऱ्या तुटल्यात, हा क्रम तुझ्याजवळ असायला हवा, असं सांगून बाराही ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. ती भोकं पाडत ऐकत होती.

"सातवी चुकली, दादा."

"म्हणजे तुला...?"

"लहानपणीच पाठ करून घेतल्यात की वडलांनी. माग बांधायला जाऊ तेवढं देत नव्हते." तिनं हातातलं अवजार खाली ठेवलं, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या. "चला. कुठला माग तुटलाय?"