साडूचा उजवा खांदा

देवानं माझ्या साडूसारखा दुसरा माणूस घडवला नाही, आणि घडवला असेल तर निदान माझ्या गल्लीत तरी आणून ठेवला नाही, एवढे त्याचे उपकार. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. कळसाडीच्या अलीकडच्या आमच्या गावात दोघी समोरासमोरच्या घरात नांदल्या, म्हणून सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्याचं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्याच्याशी बोलायला शिक्षण नाही, छाती लागायची.

या माणसाला सुईचं वेड. साठ सालाच्या आसपासचा काळ, इंजेक्शनची खेड्यात नवी नवलाई. शिंक आली की हा शहाद्याला जाऊन सुई घेणार. उसात काम करून अंग दुखलं, सुई. एकदा लग्नात लाडू जास्त झाले म्हणून सुई घेऊन आला आणि तसाच पुन्हा दुसऱ्या पंगतीला बसला. गोळीवर त्याचा विश्वास नव्हता. "गोळी तं वाणीबी देस. डॉक्टर तोच, जो टोचस," म्हणायचा. आणि टोचून आला की दोन दिवस कंबर धरून गावभर फिरायचा, कोणीतरी विचारावं म्हणून.

दुसरं वेड उजव्या हाताचं. तंबाखू असो, बियाणं असो, पाहुण्याचं पाणी असो, द्यायचं-घ्यायचं ते उजव्यानं. एकदा त्याच्या व्याह्यानं चुकून डाव्या हातानं पानाचा विडा पुढे केला. हा तिथूनच उठला. भर पावसात गाडी पुन्हा जुंपायला लावली आणि सगळी वाट व्याह्याचा उद्धार करत आला. सोबत होतो म्हणून भिजलो मीही! मला त्या विड्याशी काय देणंघेणं होतं?

मग त्याचा तो उजवा खांदाच आखडला. आधी रात्रीचा ठणका, मग पागोटं बांधता येईना, मग हात छातीच्या वर जाईना. डाव्या हातानं धरून उचलला तरी लाकडासारखा अडायचा. बिब्बा झाला, निरगुडीचा शेक झाला, एरंडाची पानं झाली. आणि नेमकं त्याच वर्षी आम्ही दोघं पंचायतीत निवडून आलो आणि सरपंचपदाला मी उभा राहिलो. मतदान हात वर करून. मी धरून चार मेंबर माझ्याकडे, चार समोरच्याकडे, आणि नववा माझा साडू.

मी त्याला धरून शहाद्याच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला. म्हणाले, "खांदा जाम झालाय. सांध्यात इंजेक्शन देतो, दुखणं कमी होईल. मग रोज भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा. हळूहळू सुटेल." मला वाटलं, सुई म्हणजे याचा सणच. तर हा ताडकन उठला.

"सांधामा? कमरमा द्या साहेब, तठून वर चढी जाई."

"नाही चढत, बाबा."

मग माझ्याकडे वळून म्हणतो, "मन्हा बापले ह्याच खांदावर मसनमा लई गऊ मी. तठे भोक पाडू देस का?"

"अरे, त्याले जाईसन जमाना व्हयना!"

"बाप गया. खांदा तं मन्हाजोडेच शे ना!"

आणि सदरा खांद्यावर टाकून निघाला बाहेर. सदरा अंगात घालता येत नव्हता, पण ऐट बघा.

मतदानाला तालुक्याचे साहेब आले. माझं नाव पुकारलं. आमचे हात झटकन वर. साडूनं दात खाऊन हात उचलला, कपाळावर घाम फुटला, पण पंजा छातीशी येऊन थांबला. साहेब म्हणाले, "वर करा."

"वरच शे, साहेब."

"असं चालत नाही. हात डोक्याच्या वर दिसला पाहिजे. उजवा जात नसेल तर डावा करा."

मी कुजबुजलो, "कर ना रे डावा!"

तर सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात हा म्हणतो, "डावा हात परसाकडना शे, साहेब. तो वर करीसन मन्हा साडूले खुर्ची देऊ?"

समोरची पार्टी हसून लोळली. मतं बरोबरीची झाली, चिठ्ठी टाकली, चिठ्ठी समोरच्याची निघाली. मला सांगा, असा अपमान कोणाचा झाला असेल का? माझा मान राखता राखता माझ्याच माणसानं मला पाडलं!

मी बोलणं टाकलं. आमच्या बायका मात्र कळण्याच्या भाकरी आणि मिरचीची भाजी इकडून तिकडे पाठवत राहिल्या. फितूर दोघी.

पुढे एके सकाळी तो माझ्या ओट्यावर चढला. राम राम नाही, काही नाही. नुकताच चुना दिलेल्या माझ्या भिंतीला उजव्या हाताची बोटं लावली आणि मुंगीसारखी वर चढवू लागला. कण्हायचा, थांबायचा, पुन्हा चढवायचा. त्याच्या बायकोकडून कळलं ते असं: बापाला जिथं अग्नी दिला, तिथं नदीकाठी नारळ फोडून हा एकटाच शहाद्याला गेला आणि सांध्यात सुई घेऊन आला. बरं, घेतली तर घेतली. स्वतःच्या घराला भिंत नव्हती का? माझ्याच चुन्यावर तंबाखूची बोटं! रोज सकाळी तो भिंतीकडे तोंड करून, आणि मी त्याच्याकडे पाठ करून. पावसाळा आला, पावसाळा गेला, बोटं खुंटीच्या वर गेली.

एक दिवस त्यानं भिंत सोडली. अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि हात सरळ आभाळाकडे केला.

"दख."

"काय दखू? निवडणूक कवयच सरी गई."

"तुन्ही सरी. मन्ही ऱ्हायनी व्हती."

कपाळावर पुन्हा तोच घाम, तरी हात खाली आणीना. शेवटी मीच म्हणालो, "उतार आते. दखी लिधा मी."

साडूला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे, तो मी सोडणार नाही. तो गेल्यावर पुढे मी सरपंच झालो. माझं नाव पुकारलं तसे भराभरा हात वर गेले, पाहिजे होते त्याहून जास्त. मी एकेक हात नीट बघितला. वर जाताना त्यातला एकही दुखला नव्हता.