आटलेली बकुळ

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिरड्याचे वाल सोलत बसले होते. तिची सून म्हणाली, "मावशी, आई गेल्या. झोपेतच." मी बरं म्हटलं आणि परत वाल सोलायला लागले. पातेलंभर सोलून झाले, मग कळलं आपण काय ऐकलं ते… दोन महिने होत आले आता.

शकू कर्जतला आमच्या शेजारच्याच आळीतली. नदीकडच्या बागेत आज जी सावली आहे ना, तिथे आधी नुसता मुरूम होता आणि एक मोडकी घसरगुंडी. आम्ही बायकांनी ठरवलं, घरटी एक झाड लावायचं. शकू म्हणाली, "गेलेल्या मानसाच्या नावानं लावा गं. जित्याच्या नावानं लावाल तर पानी घालायला कुनी यायचं नाय." आणि खरंच, लोक कळशा घेऊन यायला लागले. मी आमच्या ह्यांच्या नावाची बकुळ लावली. जिवंतपणी ह्यांना फुलांच्या वासानं शिंका यायच्या, पण आता काय बोलणार!

पहिल्याच उन्हाळ्यात एका म्हातारीच्या मुलाच्या नावाचं रोप वाळलं. "माझा पोरगा दुसऱ्यांदा गेला," म्हणून ती जी रडली, ती पुन्हा बागेत आलीच नाही. शकूनं ते मनाला फार लावून घेतलं. त्यानंतर सकाळी कमरेवर पाण्याचा कॅन घेऊन ती एकटी सगळ्या झाडांमधून फिरायची.

मी एकदा महिनाभर लेकीकडे राहून आले. बघते तर कमरेएवढी बकुळ गुडघ्याएवढी झालेली!

"शकू, ही लहान कशी झाली गं?"

"उन्हानं आटली."

"झाड आटतं?"

"मानूस आटतं, मग झाड का नाय आटनार? सोताकडं बघ की."

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही हो तिच्या. आळ्यातली माती ताजी होती आणि हिच्या नखांत तीच लाल माती. मी काय ते समजले. त्या नव्या रोपाशीही मी ह्यांच्याशी बोलावं तशी बोलायचे… सवय झाली. वाटायचं, शकूचं हे गुपित एकट्या मलाच ठाऊक आहे.

ती गेल्यावर पाणी घालायचं आळीतल्या आम्हा तिघींवर आलं. मागच्या आठवड्यात पाहिलं तर सुरेशच्या आईचं जांभूळ वाळून कोळ. काडी मोडली तर आतही हिरवं काही नाही. सुरेश साजगावला कारखान्यात असतो, दर रविवारी येऊन आईच्या झाडापाशी बसतो. मला ती म्हातारी आठवली. शनिवारी खोपोली रस्त्यावरच्या नर्सरीतून जांभळाचं रोप आणलं, रिक्षात मांडीवर घेऊन. रविवारी उजाडता बागेत गेले, पण गुडघे वाकतील तर ना! कुदळ हातात, रोप बाजूला, आणि समोरून सुरेश आला.

"अरे सुरेशा, ते उन्हानं…" शकूसारखं जमलं तर ना मला.

त्यानं कुदळ घेतली. "सरका मावशी. तिसरं हाय ना हे?"

"म्हणजे तुला…?"

"हे वाळलंय ते जांभूळ नव्हतंच, अर्जुनाचं झाड होतं. शकूमावशीनं गडबडीत भलतंच आनलं आनि मला सांगते, उन्हानं पानं बदलली!"

मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कशाचं कोण जाणे. "तरी येत राहिलास?"

"आई काय झाडात थोडीच हाय, मावशी?" तो खड्डा खणत राहिला. "पन तिच्यासाठी कुनीतरी येवडं खोटं बोलतंय म्हनल्यावर… यायला नको?"

रोप लावून झालं. उरलेलं पाणी घेऊन तो न सांगता माझ्या बकुळीकडे गेला. मी तिथेच कट्ट्यावर बसले. शेजारी शकूपुरती जागा ठेवून.