सल्ला द्यायचं शिक्षण

जगात फुकट सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. पण सल्ला देण्याआधी त्याचं रीतसर शिक्षण घेतलं पाहिजे आणि ते कुठल्या पदवीतून घ्यावं याचा निदान सहा वर्षं विचार केला पाहिजे, असं मानणारा नाशिक जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो माझा मेहुणा आहे. बायकोचा धाकटा भाऊ. त्या सहा वर्षांतलं पहिलं वर्ष माझ्यामुळे वाया गेलं हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे त्याची थट्टा करायला मी मोकळा. परदेशातल्या एका विद्यापीठाला त्याच्या शिक्षकाचं शिफारसपत्र हवं होतं. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, तो माझ्याच वर्गात डिप्लोमा करून पुढे इंजिनिअर झालेला, तेव्हा पत्र मीच लिहायचं ठरलं. आता मी जन्मात शिफारसी लिहिल्या त्या फक्त लग्नाच्या. आमच्या भावकीतल्या निम्म्या मुलामुलींचे बायोडाटा माझ्या हातचे, त्यामुळे पेन उचललं की ते आपोआप त्याच वळणाने जातं. मी लिहून पाठवलं, की मुलगा निर्व्यसनी, उंच, निमगोरा, मोठ्यांचा मान राखणारा. घरची सहा एकर द्राक्षबाग. एकच बहीण, तीही चांगल्या घरी पडलेली. हे चांगलं घर म्हणजे माझंच, ते तेवढं लिहायचं राहिलं. विद्यापीठाने नकार कळवला. मेहुण्याने पत्राची माझ्याकडची प्रत वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "दाजी, पत्र झकास आहे. मला स्वतःलाच होकार द्यावासा वाटला." त्यापलीकडे आजतागायत एक शब्द बोलला नाही.

त्याला व्हायचं होतं मॅनेजमेंट कन्सल्टंट. म्हणजे काय, हे मला त्यानेच समजावलं. मोठमोठ्या कंपन्यांना आपलं घोडं कुठे अडतंय ते कळत नाही. मग बाहेरून इस्त्रीच्या कपड्यातली हुशार मुलं येतात, दोन-तीन महिने सगळ्यांना प्रश्न विचारतात आणि तक्ते काढून उत्तर देऊन जातात. मी म्हटलं, "म्हणजे कंपनीच्याच माणसांना विचारायचं आणि कंपनीलाच सांगायचं?" तर म्हणाला, "तेच तर कुणी विचारत नाही ना, दाजी." या वेडाचं मूळ मात्र कंपनीत नव्हतं, दिंडोरीकडच्या त्यांच्या बागेत होतं. आमचे सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ते ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत. पण दर पंधरवड्याला बागेचा सल्लागार गाडीतून यायचा, वेलींच्या ओळीतून चालायचा, एखादं पान उलटं करून बघायचा आणि कुठली फवारणी कधी मारायची ते चिठ्ठीवर लिहून पुढच्या बागेला जायचा. त्याच्यासमोर नाना हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे. मेहुणा तेव्हा दहावीत होता. "नाना ज्याचं ऐकतात तसा माणूस व्हायचं, एवढंच ठरवलं होतं मी," असं तो मला एकदा म्हणाला, आणि लगेच पंख्याचा आवाज येतोय का म्हणून वर बघायला लागला. नानांना त्याचा बेत कळला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याची बाग बघायची, आपली सोडून."

नोकरीला तो नाशकातच, अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यात होता आणि राहायला आमच्याकडे. कन्सल्टंट व्हायला वेळ असला तरी सवय आत्तापासून हवी, म्हणून आमच्या घरावर त्याचा सराव चालायचा. कुठल्याही गोष्टीचे तीन मुद्दे. बायकोने नुसतं "चहा ओतू का रे?" विचारलं तरी "ताई, याला तीन बाजू आहेत" अशी सुरुवात व्हायची, आणि तिसरी बाजू सापडेपर्यंत चहा निवून साय धरायचा. एकदा आम्ही लग्नाला गेलो असताना त्याने स्वयंपाकघर नव्याने लावलं. एक वस्तू दोन खणांत बसता कामा नये, हे त्याचं तत्त्व. चिमटा उष्णतेच्या खणात गेला, किसणी धारेच्या खणात गेली, आणि झारा तळण्याचा म्हणून उष्णतेत टाकावा की गाळण्याचा म्हणून चाळणीपाशी, याचा निकाल न लागल्याने झारा बिचारा आठ दिवस ओट्यावर पडून होता. "तुझं लग्न झालं ना, की बायकोचं स्वयंपाकघर लाव," बायको म्हणाली, "आणि मग बघ ती तुला कुठल्या खणात टाकते." त्या कंपन्यांच्या मुलाखतीत म्हणे असे प्रश्न विचारतात की या शहरात अमुक गोष्ट रोज किती लागते, अंदाजाने काढून दाखवा. त्यामुळे मी दाढीला बसलो असताना त्याने बाकावरून सहज विचारलं, "नाशकात रोज किती दाढ्या होत असतील?" सलूनवाल्याने वस्तरा माझ्या गालावर टेकवून तिथेच थांबवला. "घरी करणारे सोडून ना?" तो म्हणाला. शेजारच्या खुर्चीतला साबणातून बोलला, "सोमवारची सुट्टी धरली का?" दहा मिनिटं तिघांची चर्चा झाली. माझा गाल त्या चर्चेत सामील नव्हता, तरी जखम त्यालाच झाली.

कन्सल्टंट सोमवारी पहाटे विमानाने जातो आणि गुरुवारी परततो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्याने चाकांची एक छोटी बॅग घेतली. विमान काही नव्हतं, पण दर शनिवारी ती बॅग घेऊन तो एसटीने गावी जायचा, फाट्यावर उतरायचा आणि बागेच्या रस्त्याने ती ओढत न्यायचा. काळ्या मातीत चाकं दहा पावलांवर फिरायची थांबत. मग तो ती डोक्यावर घ्यायचा. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

आणि तक्ता. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू चिकटवून केलेला तो तक्ता आमच्या कपाटाच्या दारावर होता. डावीकडे पदव्या: एमबीए, मॅनेजमेंटमधली मास्टर्स, डेटाची, अर्थशास्त्राची. वर रकाने: खर्च, मुदत, कन्सल्टिंग कंपन्या दारात येतात का, हवा, शाकाहारी जेवण. प्रत्येक रकान्याला वेगळं महत्त्व. शनिवारी गुणांची बेरीज होऊन डेटावाली जिंकायची. रविवारी दुपारपर्यंत त्याला हरलेल्या एमबीएची कणव यायची, मग तो हळूच एका रकान्याचं महत्त्व वाढवून तिला वर काढायचा. या दयाबुद्धीत वर्षं गेली. मॅनेजमेंटच्या मास्टर्सला नुकती पदवी घेतलेली मुलं लागतात, भेंडीसारखी कोवळी. तक्ता पुरा होईतो हा जून झाला. चौथ्या वर्षी त्याला कळलं, की त्या कंपन्या पदवी कुठली हे फारसं बघतच नाहीत, ठरावीक कॉलेजांच्या दारात जातात आणि तिथूनच मुलं उचलतात. त्या दिवशी त्याने तक्ता काढला, गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजांचा नवा लावला. मला आठवतात त्या रविवारच्या दुपारी. गॅलरीत बसून तो मोबाईलवर अनोळखी मुलांची माहिती वाचून दाखवायचा. "हा बघा दाजी, साताऱ्याचा. हाही डिप्लोमावाला. आता सिंगापूरला आहे." सोयरिकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल बोलायचा. कोण कुठल्या गावचा, कोणी कितव्या खेपेला प्रवेश मिळवला, सगळं त्याला पाठ. त्यातल्या एकालाही हा माहीत नव्हता.

यंदा एप्रिलमध्ये त्या ठरावीक कॉलेजांपैकी एकात त्याला एमबीएला प्रवेश मिळाला. परदेशातल्या एका ठिकाणी नाव प्रतीक्षायादीत होतं. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवायचा होता. नाही कळवला तर जागा जाणार, आणि प्रवेशपरीक्षेचे गुणही यंदाच बाद होणार होते. म्हणजे हे हुकलं तर पुन्हा पाटीपूजनापासून. बागेत खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, चालू होती, म्हणून आम्ही सगळेच गावी होतो. चार वाजता मेहुणा तक्ता जमिनीवर पसरून, चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवून उकिडवा बसला होता. नाना कात्री घेऊन आले.

"किती वर्सं झाली रं?"

"सहा, नाना."

"आन् अजून तारीखच काढतोय?"

"तारीख नाही, नाना. पर्याय आहेत. यात पहिला मुद्दा असा..."

"थांब. दिवाळीआधीच्या छाटणीची बरोबर तारीख आजवर कुणाला गावली नाय. मला नाय, त्या गाडीवाल्या सल्लागारालाबी नाय. लवकर केली तर पाऊस झोडपतो, उशिरा केली तर भाव पडतो. लय विचार करायचा, शेजाऱ्याच्या बागंत डोकवायचं, आन् एक दिवस कात्री लावायची. मंग जी तारीख धरली ती चार महिने निभवायची. बागंला सांगता येतं का, थांब बाई, माझा तक्ता व्हायचाय?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं मी त्याला भरपूर मतं दिली होती, त्यातलं एकही त्या क्षणी मला आठवेना. मी म्हटलं, "जा."

रेंज फक्त शेततळ्याच्या बांधावर येते. तो बांधावर चढला, मोबाईल उंच धरून दोनदा फिरला, आणि पाचला वीस मिनिटं असताना त्याने बटण दाबलं. मग तिथेच खाली बसला. बायको बांधाखालून ओरडली, "गेलं का रे?" तो म्हणाला, "गेलं, ताई." नाना तोवर पुढच्या ओळीत पोचले होते.

जूनमध्ये तो गेला. त्यानंतर आमच्या घरात चहा गरम मिळायला लागला, आणि झारा जिथल्या तिथे असतो. पहिला फोन तिसऱ्या रविवारी आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"दाजी, इथे काय सांगू! काल जेवताना एकाने विचारलं, या मेसमध्ये रोज किती पोळ्या लागत असतील. आठ जणांनी एकदम ताटं सरकवली. भाजी गार झाली, पण उत्तर निघालं. आणि माझ्या खोलीतला पोरगा आहे ना, त्याच्या कपाटावर तक्ता आहे. माझ्यापेक्षा मोठा! रंगीत!"

"मग तिथे तुला वेडा कोण म्हणणार?" मी म्हटलं.

"कोणीच नाही ना, दाजी," तो म्हणाला आणि हसला. इतकी वर्षं तो आमच्या घरात राहिला, पण असं मोकळं, पोटातून आलेलं हसणं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं. मागून त्याला कोणीतरी हाक मारली. "ठेवतो हां, ताई," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी बायकोला म्हटलं, "चला, सुटलो एकदाचे. आता आपल्या घरी शांतता."

ती फोन हातात धरून तशीच बसली होती. म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपल्याकडे तो एकटाच होता हो."