मुक्ताची वकीलमंडळी

दुपारी माझी लेक मुक्ता फोनकडे बघून खळखळून हसली. कोर्टातल्या खटल्यांचा एक व्हिडिओ गेम आहे. त्यातला खुनी कोण, यावर ती इंटरनेटवर अनोळखी लोकांशी तासन् तास वाद घालते. मी तीस वर्षं वकिली केली, पण माझ्या एकाही खटल्याबद्दल तिनं कधी विचारलं नाही. त्या लोकांचा मला हेवा वाटतो.

"साक्षीदार खोटं बोलतोय, पण सिद्ध कसं करायचं?" ती पुटपुटली.

मी मागून वाकून जबाब वाचला. "भर पावसातून आला म्हणतो, मग छत्री कोरडी कशी?"

"आई, भारीच!" म्हणत तिनं ते झरझर त्या लोकांना लिहून पाठवलं आणि त्यांची उत्तरं वाचण्यात गढून गेली.

'बस ना' म्हणेल म्हणून मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. मग चष्मा काढून आत गेले.