कानाखालची गाठ

“मॅडम, नुसती सही हवीय. करंटच्या शेकाचं पॅकेज वाढवायचंय,” सर म्हणाले आणि फाईल टेबलावर टाकून निघाले.

सर म्हणजे अलिबागच्या आमच्या खासगी हॉस्पिटलचे सीनियर फिजिशियन. मी तिथे कान-नाक-घसा बघते. फाईल रेवदंड्याच्या नर्मदाबाईंची. त्या मासळी विकतात. निदान लिहिलं होतं बेल्स पाल्सी, म्हणजे तोंडावरचा लकवा, आणि त्यावर फिजिओथेरपीत गालाला विजेचा शेक चालू होता. पाच महिन्यांत पाच व्हिजिट आणि पाचही वेळा सरांचं एकच वाक्य: ‘सुधारणा आहे.’

ती सुधारणा माझ्यासमोर बसली होती. उजवा गाल लोंबलेला, डोळा उघडा आणि लालभडक, तोंडाला पदर. ओठ मिटत नसल्यामुळे पापलेटचं फाफलेट व्हायचं आणि गिऱ्हाईक हसायचं.

चेहऱ्याच्या दर बाजूला एक नस असते, फेशियल नर्व्ह. ती मेंदूतून निघून कानामागच्या हाडातल्या चिंचोळ्या बोगद्यातून येते. पुढे कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीत शिरते आणि तिथे तिच्या पाच फांद्या होतात. कपाळ, डोळा, गाल, ओठ, मान. बेल्स पाल्सीत नस बोगद्यातच सुजते, त्यामुळे अख्खी बाजू दोन-तीन दिवसांत जाते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत परतू लागते. एवढं एमबीबीएसच्या पोरांनाही ठाऊक असतं.

“तोंड एकदम वाकडं झालं का?” मी विचारलं.

“न्हाय वो मॅडम. आधी व्होट गेला. मंग महिन्यानं डोला मिटंना.”

“हे सरांना सांगितलंत?”

“सांगाया गेले. ते फोनवर व्हते.”

एकेक फांदी करत लकवा वाढतो, तेव्हा बोगद्यातली सूज हे कारण पटत नाही. पुढे कुठेतरी काहीतरी नसेला धरून बसलेलं असतं. मी त्यांच्या कानाखाली बोटं लावली. सुपारीएवढी गाठ. कडक, जागची न हलणारी.

फाईलचं मागचं पान उलटलं. दोन महिन्यांपूर्वीचा शेरा: ‘कान नॉर्मल.’ खाली माझीच सही. तेव्हा मी कानात बत्ती टाकली होती. कानाखाली हात लावला नव्हता.

सरांना बोलावलं. त्यांनी गाठ चाचपली.

“तेव्हा नसेल,” ते म्हणाले.

“तेव्हा बघितलीच नाही, सर. तुम्हीही नाही, मीही नाही.”

“पेशंटसमोर हे बोलू नका.”

मी पेशंटसमोरच बोलले. नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंग ह्यो करंट कशाला देत व्हते?” सर घड्याळ बघत बाहेर गेले.

सुईची तपासणी झाली, एमआरआय झाला. लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं. गाठीला चिकटलेल्या दोन फांद्या कापाव्या लागल्या, त्या जागी पायातली नस जोडली. मग रेडिएशन. वर्षभराने डोळा मिटू लागला, ओठ मात्र अर्धाच हलतो. त्या परत बाजारात बसतात. दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायला येतात, माझ्याकडेच.

सरांनी ही केस डॉक्टरांच्या सभेत मांडली. शीर्षक होतं ‘एक दुर्मिळ निदान’. टाळ्या पडल्या, मग जेवण झालं.

बेल्स पाल्सी म्हणजे सगळं तपासून काही सापडलं नाही की लिहायचं नाव. आम्ही दोघांनी तपासायच्या कंटाळ्याला ते नाव दिलं.