कामाच्या खोलीतलं ऊन

बिल्डरच्या ऑफिसात या गृहस्थांना सगळे चित्रवाले म्हणत. इमारत उभी राहायच्या आधी गिऱ्हाइकासाठी तिचं चित्र उभं करायचं, हे त्यांचं काम. भिंती, फरशी, खिडक्या कॉम्प्युटरात मांडायच्या आणि मग यंत्राला उजेडाचा हिशेब करायला बसवायचं. किरण कशावर आपटतो, तिथून कुठे उडतो, हे एकेक करून मोजताना यंत्र मेटाकुटीला यायचं. एका खोलीला अख्खा दिवस जायचा. म्हणून चित्रवाले काटकसर करत. कपाटात कप्पे नाहीत, पलंगाला मागची बाजू नाही. सध्याच्या इमारतीत मागच्या खोलीच्या खिडकीसमोर विमा कंपनीची उंच इमारत होती, पण तिच्या भिंती मोजत कोण बसणार, म्हणून तीही नाही. यात लबाडी नव्हती. लबाडी करायला लागतो तेवढा वेळच त्यांना नसायचा.

त्या चित्राला सगळ्यात आधी जे गिऱ्हाईक भुललं, ते चित्रवाले स्वतः. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी बायकोसाठी ठरवून टाकला. बायको शिवणकाम करायची. राहत्या घरात दिवसाढवळ्या बल्ब लावून बसावं लागे, आणि त्या उजेडात काळा दोरा कुठला नि निळा कुठला हे कळत नसे. एकदा तिने काळ्या कोटाला निळा दोरा घातला, आणि कोटवाल्याने तो चारचौघांत उलगडून दाखवला. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. "मागची खोली तुझी," चित्रवाल्यांनी तिला सांगितलं होतं. चित्रात त्या खोलीच्या फरशीवर ऊन लोळत होतं.

मग साहेबांनी नवीन ग्राफिक्स कार्ड आणलं. त्यात किरण मोजायला वेगळी जागाच होती, ती दुसरं काही करत नव्हती. युक्ती म्हटली तर साधी. सगळं सामान डब्यांत घालायचं, ते डबे आणखी मोठ्या डब्यांत. किरण मोठ्या डब्याला शिवलाच नाही, तर आतलं उघडून बघायचंच नाही. शिवाय किरण मोजकेच सोडायचे आणि राहिलेले ठिपके आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने भरून घ्यायचे. दिवसभराचं काम पापणी लवायच्या आत.

"आता कंजुषी नको, सगळं घाला," साहेब म्हणाले.

चित्रवाल्यांनी कप्पे घातले, पलंग पुरा केला, रस्ता घातला, समोरचं तळं घातलं. रस्त्याच्या नकाशाबरोबर शेजारची इमारतही आली, आणि मागच्या खोलीत अंधार पडला. तिथे पोचणारे किरण इतके थोडे, की कार्डाला अंदाज बांधायलाही काही मिळेना. भिंतींवर अर्धवट ठिपक्यांची नुसती वाळू सळसळत राहिली.

"कार्ड खराब दिसतंय," साहेब म्हणाले.

"कार्ड ठीक आहे, साहेब. विम्याची इमारत मधे येते."

"मग काढून टाका."

"ती खरंच आहे तिथे."

"घालताना विमावाल्यांना विचारलं होतंत? मग काढताना कशाला?"

चित्रवाल्यांनी एक बटण दाबून नऊ मजले पाडले. धूळसुद्धा उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या कागदांवर सही करायला बायको ऑफिसात आली. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "बसा वहिनी. आता नुसतं चित्र नाही, घरभर फिरून बघा."

ती पडद्यावर फिरली. वळेल तसं ऊन बदलत होतं. मागच्या खोलीत ती थांबली. "मशीन इथे ठेवते. खिडकी डाव्या हाताला." मग खिडकीबाहेर निळं आभाळ बघून म्हणाली, "अहो, जागा बघायला गेलो तेव्हा स्कूटर कुठे लावली होती आपण?"

"मागे."

"मागे कशाच्या सावलीत?"

साहेबांना एकाएकी फोन आला. वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही. ते बाहेर गेले.

"विम्याच्या इमारतीच्या," चित्रवाले म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. नऊ मजले परत आले. खोलीत वाळू पसरली.

बायकोने पडद्यावरच्या वाळूवर बोट ठेवलं. "आधीच्या चित्रात ही इमारत नव्हती."

"मोजायला फार वेळ लागायचा."

"आणि त्या चित्रावर तुम्ही घर ठरवलंत? स्वतःच काढलेल्या?"

"चांगलं झालं होतं गं."

यावर रागवावं की काय करावं, हे तिला ठरवता येईना. "पुढच्या खोलीत चला," ती म्हणाली. "सकाळचे दहा करा. आता तीन. आता पाच." पुढची खोली तळ्याकडे उघडत होती, ऊन दिवसभर हटलं नाही. "हा सोफा उचला इथून."

"कुठे ठेवू?"

"वाळूत."

"पाहुणे अंधारात बसतील."

"बसू देत. पाहुण्यांना सुई ओवायची नसते."

चित्रवाल्यांनी सोफा मागे नेला आणि खिडकीशी शिवणयंत्र मांडलं. तेवढ्यात तिचं लक्ष वर गेलं. छतावर उजेडाच्या बारीक लाटा हलत होत्या.

"हे तुम्ही काढलंत?"

"नाही," ते म्हणाले. त्यांनाही ते आत्ताच दिसलं होतं. "तळ्याच्या पाण्यावरून किरण आपोआप उडून आलेत."

"मग खरं असेल," ती म्हणाली, आणि तिने पेन मागितलं.