साहेबाच्या गिलासातला धूर

जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, सरकीचा ढीग कधी वाढतो ते कोणाला कळत नाही. रोज थोडी थोडी पडते आणि एक दिवस दारच उघडत नाही. आमच्या अकोल्याच्या जिनातले किस्सेही असेच साचलेत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, मी जिनात कारकून होतो आणि मॅनेजर गोरा साहेब, थेट स्कॉटलंडचा. त्याच्या एका व्हिस्कीनं आम्हाला जे हादरे दिले, तेवढेच सांगतो. सगळं सांगत बसलो तर जेवणं राहतील!

*

कापसाला आगीचं भय. म्हणून बिडी, काडेपेटी फाटकावरच काढून ठेवायची. ठेवून घेणारा पांडोबा रखवालदार. धुराचा वास आला की त्यानं घंटा वाजवायची, आणि घंटा झाली की इंजिन बंद, सगळे बादल्या घेऊन हजर! सूट एकट्या साहेबाला. त्याचा चिरूट दिवसभर तोंडात.

विलायतेहून व्हिस्कीचं खोकं आलं. साहेबानं हापिसात पहिलं बूच काढलं आणि बाहेर घंटा सुरू! आम्ही आत घुसलो आणि, बापा बापा, बादल्या धडाधड साहेबावरच रिकाम्या केल्या! साहेब निथळतोय, गिलास हातात तसाच.

"आग किधर है?"

पांडोबानं गिलासाकडे बोट केलं. "साहेब, धूर याच्यातून येऊन राहिला!"

साहेब लालबुंद. "फिर झूठा घंटा मारा, तो नौकरी खतम!"

पांडोबानं हात जोडले. अंजनगावला बायको, लेकरं. वांग्या-मिरच्यांचा मळा भावांनी केव्हाच वाटून घेतलेला. ही नोकरी गेली तर खायचं काय?

*

मग अमरावतीचे एक वकील आले. "मले विलायतीचं काय सांगता!" अशी मिजास. साहेबानं गिलास भरता भरता समजावलं, की तिकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात, त्या धुरावर जव सुकवतात आणि ही दारू शेरीच्या, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या, जुन्या पिपात मुरवतात. हिचं वय कोवळं, म्हणून जरा चावते.

वकिलांनी मोठा घोट घेतला. डोळे पांढरे!

"अगागागा! हा तं सरकारी दवाखाना पेटला!"

झालं, आता साहेब खवळणार! मी तर दाराकडे सरकलो. पण साहेबानं उठून वकिलांचा हात धरला. "करेक्ट! दवाई और धुआँ, बिल्कुल करेक्ट!" आणि आनंदानं गिलास पुन्हा भरला. वकील पक्षकाराचे कागद तिथेच टाकून टांग्याकडे पळाले.

*

साहेबानं पांडोबाच्या नाकाचीच शाळा काढली. रोज सकाळी बाटली हुंगायची, म्हणजे बाटलीचा धूर कोणता अन् आगीचा कोणता, हा घोटाळा नको! आता पांडोबा पडला महानुभाव पंथाचा. दारूच्या थेंबाचाही विटाळ. डोळे मिटून, देवाचं नाव घेत हुंगायचा बिचारा.

एकदा नेमके तेव्हाच पंथाच्या रिद्धपूरहून त्याचे सोयरे हापिसाच्या दारात! "दंडवत, पांडोबा..." म्हणता म्हणता त्यांची नजर नाकाखालच्या बाटलीवर गेली.

"पिली नाही, बापा! नोकरीपायी हुंगून राहिलो!"

सोयरे पाणीही न पिता परत गेले. पण पांडोबाला खूण सापडली. मला म्हणाला, "आधी गोवऱ्याचा धूर येते, बाबूजी, अन् मागून मनुका. मनुका आल्या की समजाचं, बाटली हाय."

*

ती मार्चातली दुपार. जेवणं होऊन सगळे पेंगत होते. मला धुराचा वास आला. मी मानही वर केली नाही. म्हटलं, उघडली साहेबानं! कोणीच हललं नाही.

तेवढ्यात हापिसाचं दार धाडकन उघडलं आणि साहेब बाहेर! तोंडात चिरूट ठेवून झोपला होता. अर्धी मिशी गायब, कोटाची बाही धुमसतेय, मागे पडदे भडाभडा पेटलेले. पलीकडेच रुईच्या गाठी! मी उठलो आणि घंटेकडे धावलो.

घंटेखाली पांडोबा उभाच होता! दोरी दोन्ही हातांत घट्ट, अंगावर घामाच्या धारा.

"वाजव ना बे! काहून नाही वाजवत?" मी बोंबललो.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. धावत आलेल्या साहेबाच्या बाहीशी अदबीनं वाकला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाला,

"साहेब, मनुका तं नाही येऊन राहिल्या... वाजवू काय?"